बसून हात उगारता येत नाही

मी जन्माची भित्री. पाल दिसली तरी माझा जीव घशाशी येतो, आणि पोटासाठी शिकवते झूलॉजी. पोरं हसतात, हसू देत बापडी. पण माझ्या या भित्रेपणाला पुरून उरला तो एकच माणूस, आमचे इंगोले सर. सर जाऊन आता हा दुसरा उन्हाळा. त्यांच्याइतका गरीब स्वभावाचा माणूस मी मंगरुळपीरात दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतकी भीती मला दुसऱ्या कोणाची वाटली नाही. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी खरं होतं, हीच तर पंचाईत.

सर मानसशास्त्र शिकवायचे. मी कॉलेजात नवीनच लागले होते तेव्हाची गोष्ट. जिन्यात एक पोरगं गुटखा थुंकलं. मागून सर येत होते, त्यांनी टोकलं. पोरगं तालेवार घरचं. छाती काढून म्हणालं, "तुमच्या बापाचा जिना हाये का?"

जिन्यातले सगळे एकदम गप्प झाले. ते इतके का गप्प झाले ते मला तेव्हा कळलं नाही. सरांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला आणि सर तिथंच, त्या थुंकीपासून वीतभर अंतरावर, पायरीवर मटकन बसले. मला वाटलं, अटॅक! मी पळत जाऊन पाण्याची बाटली आणली. शिपाई तुकाराम मात्र कठड्याला टेकून निवांत उभा.

"राहू द्या मॅडम," तो म्हणाला. "सरायले राग आला. बसतीन थोडं आन् उठतीन."

आणि खरंच, सर थोड्या वेळानं उठले, पँट झटकली, त्या पोराच्या खांद्याजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाले, "नाही बाळा, माह्या बापाचा नाही. तुह्याही बापाचा नाही. पुसून घे." पोरानं खिशातला रुमाल काढून पुसलं की हो! मी बाटली धरून बघतच राहिले.

पुढं मलाही सवय झाली. सर कुठंही बसायचे. भाजीबाजारात, बँकेच्या रांगेत, एकदा तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये, समोर खुर्च्या रिकाम्या असताना, सरळ फरशीवर. प्राचार्य बिचारे टेबलावरून वाकून वाकून त्यांच्याशी बोलत होते. सरांच्या पँटीला मागून कायम माती. पोरं त्यांना 'बैठक सर' म्हणायची, आणि सरांना ते माहीत होतं.

एकदा न राहवून मी विचारलंच, "सर, हे काय हो तुमचं?"

"मॅडम, बसून हात उगारता येत नाही," ते म्हणाले. "त्यासाठी उभं राहा लागते. माणूस बसते, मंग उठते, तेवढ्यात रागाचा जोर उतरते. करून पाहा."

"मला कुठं येतो एवढा राग?"

"मलेही येत नाही. त्याचंच तर भेव हाये."

हे काय उलटंच बोलणं, असं मनात म्हणून मी डबा उघडला.

त्यांची चालायचीही एक तऱ्हा होती. दोन्ही हात पाठीमागे, आणि डाव्या हातानं उजवं मनगट गच्च धरलेलं, जत्रेत हरवू नये म्हणून एखाद्या पोराचं धरावं तसं. फळ्यावर लिहिताना तेवढा उजवा हात सुटायचा. खडू ठेवला की पुन्हा धरलाच.

आमचे हे अकोल्याला नोकरीला, रविवारी यायचे. मी आणि माझी लहानगी मुलगी, आम्ही दोघी सरांच्या शेजारच्या बिऱ्हाडात. मधली भिंत एकच. आमची घरमालकीण बोलघेवडी, तिला पोटात काही ठेवणं जमत नसे. पापड लाटता लाटता तिनं मला सांगितलं, "तुमाले माहीत नाई? इंगोले सरायचा बाप जन्मठेपेत मेला. सख्ख्या लहान्या भावाले मारलं त्यानं. धुऱ्याच्या भांडनात. बैलगाडीची उभारी उपसली आन् एकच फटका. खलास!"

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, आणि उभारी म्हणजे गाडीच्या कडेला खोचलेला लाकडी दांडा. वखरताना एखादं तास, म्हणजे एक ओळ, इकडचं तिकडं झालं की आमच्या भागात भाऊ भावाचा वैरी होतो, हे मला माहीत होतं. पण ते पेपरात वाचायचं असतं, भिंतीपलीकडं नसतं! त्या दिवशी संध्याकाळी मी पलंग ओढून दुसऱ्या भिंतीला लावला. मुलगी म्हणाली, "आई, इकडं पंखा लागत नाही." म्हटलं, झोप गुमान.

मग मी सरांवर नजर ठेवायला लागले. प्राणी न्याहाळणं हा माझा धंदाच. सरांच्या बायकोकडे, सुमनवहिनींकडे, विरजण मागायला म्हणून जायचं आणि इकडं तिकडं बघायचं. त्यांच्या घरात कुऱ्हाड नाही, हातोडी नाही. वरवंटा आहे तो धान्याच्या कोठीमागे.

"नारळ मी फोडते, खिळा मी ठोकते, टरबूज मी कापते," वहिनी एकदा आपणहून म्हणाल्या. "लग्न झालं त्याच दिवशी सांगतलं त्याहीनं, माह्या हाती असं काही देत जाऊ नको म्हणे. मले वाटलं, नवरा आळशी हाये. हसले मी बाप्पा तवा."

दसऱ्याला मी माझ्या स्कूटीची पूजा केली आणि मुद्दामच सरांपुढे नारळ धरला. बघू तर खरं, अशी खोडी. सरांनी नारळ घेतला. "मॅडम, माह्याच्यानं नाही होत हो," म्हणून त्यांनी तो तान्हं लेकरू द्यावं तसा माझ्या हातात परत दिला आणि पाठ करून पार फाटकाशी जाऊन उभे राहिले. नारळ फुटल्याचा आवाज आला तेव्हा त्यांचे खांदे दचकलेले मी पाहिले. मला हसू आलं नाही.

त्यांचा एक तास मात्र कॉलेजात गाजलेला होता. 'आक्रमकता' हा धडा. दुसऱ्या वर्गाची पोरं येऊन बसायची. एका वर्षी मीही शेवटच्या बाकावर जाऊन बसले. सरांनी तुकारामाकडून एक धोंडा आणवला होता, चांगला पाटीभर. तुकारामानं तो टेबलावर ठेवला. सर त्यापासून लांब खिडकीशी उभे राहिले आणि बोलायला लागले, गोऱ्ह्याला खच्ची करून बैल केला की तो शांत कसा होतो इथपासून सुरुवात. बरंच बोलून झाल्यावर थांबले.

"आता खरं सांगा, मी बोलत होतो तवा तुमी कायकडे पाहून राह्यले होते?"

"धोंड्याकडे," पोरं म्हणाली.

"काहून? धोंडा बोलला नाही, हालला नाही. पण नजर तिथंच. राग आलेल्या माणसाचंही असंच होते. हाताजवळ काही असलं की रागाले रस्ता सापडते. नसलं तर तो आतल्या आत चकरा मारून थकते."

पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, मंग माणूस जन्मापासूनच तसा असते, का शिकते?"

"काही जण म्हणतात, जन्मापासून. भूक असते तसं हेही पोटातच असते. काही म्हणतात, माणसाले पाहिजे ते मिळू नाही दिलं, सारखं सारखं आडवलं, तर तो फुटते. काही म्हणतात, लेकरू बोलणं जसं ऐकून शिकते तसं मारणं पाहून शिकते. आन् त्या मागं बसल्या ना झूलॉजीच्या मॅडम, त्या म्हणतीन रक्तातली रसायनं."

"आन् तुमी काय म्हनता, सर?"

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सर फळ्यापुढच्या चौथऱ्याच्या काठावर बसले, मनगट धरून, आणि घंटा होईपर्यंत तसेच बसून राहिले. त्या पोरीला बिचारीला वाटलं आपलंच काही चुकलं.

त्यानंतर स्टाफरूममध्ये डबा खाताना ते मला खोदून खोदून विचारू लागले. मी सांगायची की, सर, मेंदूत दोन बाजूंना बदामाएवढा एकेक भाग असतो, तो धोका ओळखतो आणि आपण विचार करायच्या आत घंटा वाजवतो. कपाळामागचा भाग ब्रेक लावतो. ब्रेक जरा उशिरा लागला की झालं. कोंबड्यांच्या झुंजीचं सांगायची. रक्तातल्या रसायनामुळं कोंबडा झुंजतो हे खरं, पण झुंज जिंकला की ते रसायन आणखी वाढतं, हेही खरं. सरांचा घास हातातच राहायचा.

आणि एक दिवस त्यांनी सरळच विचारलं, "मॅडम, खरं सांगा. उतरते का हे? बापाकून पोराकडे?"

म्हणजे मला सगळं माहीत आहे हे यांना माहीत आहे. मी घाईघाईनं बोलत सुटले, "नाही हो सर, असा काही एकच धागा नसतो. शंभर बारीकसारीक गोष्टी असतात, घर असतं, संगत असते, वेळ असते. नाक उतरतं, रंग उतरतो. अख्खं कृत्य थोडंच उतरतं?"

"नाक तर उतरलंच," सर म्हणाले. मग डब्याचं झाकण लावून त्यांनी सांगितलं. एवढं सलग ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

"माह्या बापाले राग येत नोता, मॅडम. गावात कोनालेही विचारा. भजनात टाळ वाजवे, बैलाले कधी चाबूक नाही मारला. त्या दिवशी सकाळी माह्या हातावर गुळाचा खडा ठेवून वावरात गेला. मी मागून डबा घेऊन गेलो. धुऱ्यावर दोघं भाऊ उभे होते. काका म्हणे, तू धुरा कोरला. बाप काही बोलला नाही. गाडीची उभारी उपसली. मंग काका खाली पडले. बापानं उभारी गाडीले टेकून ठेवली, माह्याकडे पाह्यलं आन् म्हणे, वसंता, डबा सावलीत ठेव."

सरांनी डबा पिशवीत टाकला.

"रोजच्याच आवाजात म्हणे, मॅडम. मले त्या आवाजाचं भेव वाटते. माहाही आवाज तसाच हाये."

बाहेर पोरं क्रिकेटवरून कालवा करत होती, तो ऐकून बरं वाटलं.

सरांना जंगलासारखी दाढी होती, तिचंही कारण मला मग वहिनींकडून कळलं. चाळिशी उलटली तसा सरांचा चेहरा अगदी बापासारखा दिसायला लागला. गावात कोणाच्या तरी लग्नात सर पंगतीत बसले होते. त्यांची काकू, म्हणजे त्या मारल्या गेलेल्या काकाची बायको शांताकाकू, वाढायला आली. समोर तोच चेहरा! तिच्या हातातलं पातेलं सुटलं आणि "आला, आला" म्हणून ती मांडवभर किंचाळत पळाली. सर न जेवता उठले. दुसऱ्या दिवसापासून दाढीला कात्री लावली नाही.

सरांचं शेत आसेगावच्या पलीकडं. धुऱ्याच्या त्या अंगाला शांताकाकूचं. सरांनी शेत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसायला दिलं होतं, एका अटीवर, की धुऱ्यालगतचा पट्टा पेरायचा नाही. कोरायला तास नको, भांडायला कारण नको. त्या पडीक पट्ट्यात, नवरा पडला त्या जागी, काकूनं एक शेंदूर लावलेला गोटा मांडला होता. आमच्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना घागरभर पाणी देतात. काकू दरवर्षी त्या गोट्यावर पाणी घालायची. गोटा सरांच्या जमिनीत, पूजा काकूची. त्याबद्दल सरांनी तिला कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते, पण हे इतकी वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

आणि सरांचा मुलगा गौरव, त्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

हे कोणाला खरं वाटणार नाही. सगळ्या तालुक्याला माहीत आणि घरातल्या पोराला नाही? पण असंच होतं. ज्याचं असतं तो आला की लोक बोलणं बदलतात. सरांनी त्याला गावापासून लांबच ठेवलं होतं. आजोबा आजारानं गेले, एवढंच सांगितलं होतं. "पोट्टं पाहून शिकते, तसं ऐकूनही शिकते," सर मला म्हणायचे. "आपल्या घरात असं होऊ शकते, हे त्याच्या कानीच नको." जन्मभर जे शिकवलं त्यावर त्यांचा एवढा विश्वास. मलाही तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं.

गौरव भडकू होता. दार आपटायचा, मोबाईल फेकायचा. दार आपटलं की भिंतीच्या अलीकडं मी दचकायची, आणि मला माहीत होतं की पलीकडं सरही दचकत असतील. तो शेतकीचं शिकून आला आणि म्हणाला, आता शेत मी करणार. सर त्याला एवढंच म्हणाले, "धुऱ्यालगतचा पट्टा सोडजो." त्यानं विचारलं, काहून? सर म्हणाले, "सोड म्हटलं ना." संपलं बोलणं.

उन्हाळ्याच्या सुट्या होत्या. सकाळी दहाच्या सुमारास वहिनींनी माझं दार बडवलं. सर अंगणात उभे, बिनचपलेचे. गावातून कोणाचा तरी फोन आला होता. गौरवनं ट्रॅक्टर लावून तो पट्टा नांगरला होता, गोटा उपटून फेकला होता, आणि काकूचा मुलगा गजानन माणसं घेऊन आला होता.

"मॅडम, स्कूटी काढा," सर म्हणाले.

मी नाही म्हणणार होते. खरंच सांगते, जीभ टाळूला चिकटली म्हणूनच नाही म्हटलं गेलं नाही. ऊन असं होतं की रस्ता डोळ्यांपुढं हलत होता. सर मागं बसले ते गाडीला धरतच नव्हते. त्यांनी मनगट धरलं होतं. खड्डा आला की मला वाटायचं, पडले आता. आणि सारखं एकच मनात येत होतं, मी मागं कोणाला घेऊन चालले आहे? भांडण सोडवणाऱ्याला, की त्या बापाच्या पोराला? देवा, माझी लेक घरी एकटी आहे, असं काहीबाही मी पुटपुटत होते.

ट्रॅक्टर चालूच होता. तो सगळा पट्टा काळाभोर उलटा झालेला. गोटा धुऱ्यावर उपडा पडला होता आणि शांताकाकू त्याच्याजवळ बसून पदरानं त्याची माती पुसत होती. म्हातारी पार वाळली होती. गजानन काठी घेऊन गौरवच्या पुढ्यात, मागं त्याचे दोन गडी. गौरवच्या हातात टायर खोलायची लोखंडी टामी.

"तुह्या आज्यानं माहा बाप इथंच मारला," गजानन ओरडत होता. "याच जागी. आन् तू आज त्याचा गोटा उपटला?"

"काय बोलून राह्यला तू?" गौरव म्हणाला. मग त्यानं आम्हाला पाहिलं. "बाबा, हा काय म्हनते? कोनं मारलं?"

सर बोलले नाहीत. ते बोलले नाहीत यातच पोराला सगळं कळलं. त्याचा चेहरा मी पाहिला. आधी तो रडेल असं वाटलं. पण लाज वाटली की माणूस रडण्याआधी भडकतो, आणि तो भडकला. "खोटं बोलतं साल्या!" म्हणून त्यानं टामी उगारली.

मी किंचाळले. सर, बसा! असं मी ओरडले, असं मला वाटतं, नक्की आठवत नाही.

सर बसले नाहीत. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती. ते ढेकळांतून चालत गेले, भराभर नाही, नेहमीसारखे, आणि चालता चालता त्यांनी मनगट सोडलं. उजव्या हातानं पोराच्या हातातली टामी वरच्या वर हिसकून घेतली आणि त्या दोघांच्या मधे, गजाननकडं तोंड करून उभे राहिले. टामी डोक्याच्या वर तशीच धरलेली. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

"गौरव," ते म्हणाले, "ट्रॅक्टर बंद कर."

रोजचाच आवाज!

गौरवनं ट्रॅक्टर बंद केला. गजाननच्या हातातली काठी खाली पडली आणि तो एक एक पाऊल मागं सरकायला लागला. त्याचे गडी कधीच मागं झाले होते. आणि सर त्याच्या डोक्याकडं बघत होते. चेहऱ्याकडं नाही, डोक्याकडं. मी डोळे मिटून घेतले.

फटक्याचा आवाज आला नाही. मी डोळे उघडले तेव्हा सर खाली बसत होते, आधी एक गुडघा, मग दुसरा, थकलेला बैल बसतो तसे. ढेकळांत मांडी घातली तरी उजवा हात वरच. बसल्यावरही हात वरच होता.

"मॅडम," ते म्हणाले. "हात खाली येत नाही."

मी जागची हलले नाही. गौरव हलला नाही. कोणाची हिंमतच नव्हती. उठली ती शांताकाकू. जिनं तो चेहरा पाहून भरल्या मांडवातून पळ काढला होता, ती म्हातारी लटपटत सरांसमोर आली आणि उकिडवी बसली. तिनं सरांच्या दाढीकडं, दाढीमागच्या त्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. मग दोन्ही हातांनी त्यांचं मनगट खाली ओढलं आणि टामीवरची बोटं सोडवायला लागली. एक सुटायचं, दुसरं धरायला जाईपर्यंत पहिलं मिटायचं.

"सोड, वसंता," ती म्हणत होती. "सोड बाप्पा. मी हावो इथं. सोड."

टामी मातीत पडली. काकूनं ती पायानं लांब सारली. सरांच्या तोंडून असा आवाज निघाला की मी पुन्हा तसा ऐकला नाही, आणि ऐकायची इच्छाही नाही. बराच वेळ ती त्यांच्या हातावर हात ठेवून बसली. मग गौरवकडं वळून म्हणाली, "तू उपटला ना? मंग तूच लाव. पानी आन." गौरवनं गोटा उचलून होता तिथं रोवला, ट्रॅक्टरवरच्या कॅनमधलं पाणी त्यावर ओतलं.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. सरांनी त्या रात्री पोराला सगळं सांगितलं, आणि गौरव कितीतरी दिवस बापाशी बोलला नाही. मी सरांची समजूत घालायला गेले.

"सर, तुम्ही मारलं नाही ना? मग झालं तर."

"मॅडम, तुमी डोळे मिटले होते," सर म्हणाले. "मी काय पाहून राह्यलो होतो ते तुमाले नाही माहीत."

मला माहीत होतं. पण मी मान खाली घातली.

पुढच्या वर्षी सर रिटायर झाले आणि गावी राहायला गेले. घर रिकामं झालं तरी मी पलंग त्या भिंतीला परत लावला नाही. मनुष्यस्वभाव, दुसरं काय.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते मंगरुळपीरच्या एसटी स्टँडवर, ते गेले त्याच्या थोडेच दिवस आधी. बापलेक कसल्यातरी खरेदीला आले होते. सरांनी दाढी काढली होती. काकूनंच म्हणे काढायला लावली, मले तुहं तोंड पाहू दे म्हणून. आसेगावची गाडी लागली तशी ही झुंबड उडाली. सरांना गौरवनं खिडकीशी बसवलं आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकून पाण्याची बाटली घ्यायला खाली उतरला. तेवढ्यात एका धिप्पाड माणसानं तो रुमाल उचलून बाहेर फेकला. झालं! गौरव दारातच त्याला भिडला. "रुमाल तुह्या बापाचा हाये का फेकाले?" "बाप काढतं का रे?" म्हणत तो माणूस खाली उतरला. गौरवच्या मानेच्या शिरा टरारल्या, कान लाल झाले. मी चटकन खांबामागं झाले. सरांचा चेहरा खिडकीत दिसत होता, तो खडूसारखा पांढरा.

गौरवचा डावा हात मागं गेला. त्यानं स्वतःचं उजवं मनगट धरलं, आणि तो तिथंच, भुईमुगाच्या टरफलांत आणि पानाच्या पिचकाऱ्यांत, मटकन खाली बसला. तो धिप्पाड माणूस बावचळून त्याच्याकडं बघतच राहिला. "याले काय झालं बे?" म्हणून लोक हसायला लागले. कंडक्टर म्हणाला, "ऊठ रे भाऊ, गाडी सोडाची हाये." गौरव थोडा वेळ बसला, मग उठला, पँट झटकली आणि गाडीत चढून बापाजवळ उभा राहिला.

मी खांबामागून बाहेर आले. सरांनी मला पाहिलं. गाडी हलली तसा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि वळणापर्यंत मला टाटा करत राहिले. उजव्या हातानं.